पट्ट्या

सिव्हिल लाइन्सच्या गार हॉलमध्ये तीन दिवस
आम्हाला शिकवलं, काम कसं आखायचं:
कामाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला मालक द्या,
कोण कोणाच्या आधी, ते बाणाने जोडा.
जेवणात पनीर होतं. प्रमाणपत्रावर
माझं नाव छापलं शर्वरी उमाटे.
उमाठेतला ठ कोणाच्या तुकड्यात होता
ते विचारायचं राहून गेलं.

सोमवारी हिंगणा एमआयडीसी.
पाणीपुरवठ्याच्या पंपघराचे अकरा पॅनल,
एकतीस मे, आणि मी.
शीटवर एकेक पट्टी ओढली:
पत्रा कापणे निळी, पावडर कोटिंग पिवळी,
मग वायरिंग, टेस्टिंग, ट्रक.
प्रिंट कूलरशेजारच्या भिंतीवर चिकटवली.
दुपारपर्यंत खालचा कोपरा भिजून लोंबायला लागला,
नेमका टेस्टिंगचा आठवडा.

ताराचंद पराते, फिटर, नोकरी एकतीस वर्षं,
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
"सुंदर आहे. पण पट्ट्या कुठी आहेत?"
ह्या काय, म्हटलं.
"ह्या नाही बाई. तांब्याच्या."

तांब्याच्या पट्ट्यांसाठी मी दोनच शब्द लिहिले होते:
साहित्य येईल.
त्या 'येईल'च्या मागे माणूसच नव्हता.

पराते गोळीबार चौकातले, विणकरांच्या घरचे.
मला वाटलं आता सांगतील ताण्याबाण्याचं काही,
एक धागा तुटला की माग थांबतो वगैरे.
मी वहीसुद्धा उघडली.
"माग बापानं विकला तवा मी तिसरीत होतो.
मले धाग्यातलं काही समजत नाही.
तू फोन लाव."

लावला.
पुढचे दीड महिने लावतच होते.
'कधी होईल' म्हटलं की सगळे 'उद्या' म्हणतात,
'आत्ता हातात काय आहे' म्हटलं की खरं बोलतात.
मालकाच्या नंबरपेक्षा ड्रायव्हरचा नंबर मोलाचा.
अक्षय तृतीयेला अख्खं पेंटशॉप कोणाच्या ना कोणाच्या मांडवात असतं
आणि दुसऱ्या दिवशी झोपेत.
सेहेचाळीस अंशात दुपारी एक ते चार
वेल्डिंग फक्त कागदावर होतं.

कोटिंगची भट्टी दोन दिवस बंद पडली
तरी शुक्रवारच्या बैठकीआधी
मी तो चौकोन हिरवा केला.
निघेल भरून, वाटलं.
सगळे उठून गेल्यावर परातेंनी हळूच विचारलं,
"हे हिरवं कायनं केलं?
आपली पावडर तर राखाडी आहे."

त्या रात्री मेट्रोत सीताबर्डीला उतरायचंच विसरले.
शेवटच्या स्टेशनावर, प्रजापती नगरला,
बाकावर बसून ग्राहकाला लिहिलं:
एकतीस मे नाही. तीन जून.
कारणं तीन. त्यातलं एक मी.
पाठवलं, आणि पाणी पीत बसले.

खोब्रागडे साहेबांचं उत्तर सकाळी, एकच ओळ:
आधी सांगितलं ते बरं, क्रेन तीनची घेतो.

ट्रक निघाला चार जूनला.
क्रेनवाल्याने जास्तीचं भाडं लावलं, अर्ध्या दिवसाचं.
तेही शीटमध्ये आहे, शेवटच्या ओळीत,
रंग न देता.

दिवाळीनंतर पराते कँटीनमध्ये समोर येऊन बसले.
"पोरीचं लग्न आहे फेब्रुवारीत.
मलेही तसा एक कागद काढून देजो."
मी विचारत गेले, ते सांगत गेले:
आचारी, पत्रिका, मांडव, जावयाची अंगठी.
कोण आणणार, कोणाचा नंबर, कोणाच्या आधी कोण.
चहावर साय आली.
"अन मधात दोन दिवस रिकामे ठेवजो."
कशासाठी?
"ते आत्ताच समजलं असतं
तर रिकामे कायले ठेवले असते?"

दोन घरं कोरी सोडली.
मालकाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
त्यांनी चष्मा खाली घेतला,
त्या कोऱ्या घरांकडे बघितलं.
"लिही," म्हणाले, "पराते."