किनाऱ्यांना गुण

हिलोत उतरलो त्याच रात्री अच्युतने वहीत रेघा मारल्या.
चाळीस वर्षं पतपेढ्यांची ऑडिटं केलेला माणूस,
त्याला समुद्रही रकान्यांतूनच दिसतो:
वाळूचा रंग, लाटा, सावली, पार्किंग,
संडास आहे का,
आणि शेवटी, बारीक अक्षरात,
कुमुदचा गुडघा.

दिवस चार, किनारे सतरा.

हापुना: पांढरी वाळू, साडेआठ.
"पांढरी काय, आपल्या गुहागरलाही आहे," मी म्हटलं,
"तिच्यासाठी अख्खा दिवस आभाळात कशाला लोंबकळायचं?"
त्याने अर्धा गुण कापला.

पुनालूऊची वाळू मात्र काळी.
कासवं पडलेली, कुणी पाटे धुऊन उन्हात उपडे घातलेत जशी.
वीस फूट लांब राहा, अशी पाटी होती. राहिलो.
मी वाकून ओंजळ भरली आणि हसूच आलं,
ही तर घरची!
पाट्याला टाकी लावायला बाई यायची दारावर,
तिच्या छिन्नीखालून उडायचा
तो चुरा हाच.
अरे, आपणही लाव्ह्याचीच माणसं,
फक्त आपला फार पूर्वी निवला.
"ते ठीक," तो म्हणाला, "पण गुण किती लिहू?"

महानाची वाळू हिरवी.
चालत अडीच मैल, सावली शून्य.
गुडघ्याच्या रकान्यात त्याने फुली मारली
आणि वही मिटायला लागला.
मीच ढकललं त्याला. जा.

दिवसभर मी घरमालकिणीजवळ,
तोकुनागा बाईंच्या पडवीत, पपया सोलत.
इथे पाऊस सांगून येत नाही आणि आला तरी
कुणी मान वर करत नाही.
बाईंनी चष्मा लावला, वही ओढली,
सतराव्या ओळीखाली लिहिलं: काइमू.
हा सगळ्यात चांगला, म्हणाल्या.
कुठे आहे?
होता.
नव्वद साली लाव्हा आला त्यावर. धावत नव्हे,
थोराड पाहुण्यासारखा, पावलापावलाने,
आवरायला वेळ देत.
नारळ एकेक करून पेटले.
मी पोहायला शिकले तिथे, म्हणाल्या,
आणि पुढची फोड माझ्या हातात ठेवली.
राग नाही आला?
कुणाचा? पेलेची जागा, पेलेने घेतली.
मग त्याखाली आणखी एक नाव: पोहोइकी.
हा नवा आहे. माझ्या नातवाहून लहान.

संध्याकाळी अच्युत आला, भुवयांपर्यंत लाल धूळ,
आणि पायाच्या बोटांत हिरवे कण,
मुगाची सालं चिकटावीत तसे.
बाईंनी बोट दाखवलं. हे इथलं इथेच राहतं.
त्याला परातीत उभं करून पाय धुवायला लावले,
गाळ जॅमच्या बाटलीत भरला,
शुक्रवारी भाचा जातो त्या बाजूला, म्हणाल्या.
ऑडिटर बिचारा. पावतीच मागायचा राहिला.

चौथा दिवस पोहोइकीला.
इथली वाळू अजून वाळू नाही, भरडा आहे,
तळव्यांना टोचतो.
लाटा येतात, गोटे घरंगळतात,
पहाटेच्या जात्यासारखी ती घरघर.
कडेच्या कोमट डबक्यात मी गुडघा सोडून बसले
आणि कित्येक महिन्यांनी
तो माझा आहे हे विसरले.
अच्युतने एक नवा रकाना आखला: वय.
लिहिलं, सहा वर्षं.
"आणि गुण?"
"चालू खातं आहे," तो म्हणाला,
"शिल्लक आत्ताच कशी काढू?"

रात्री बॅगा भरताना मी वही उघडली.
काइमूच्या ओळीत सगळीकडे आडव्या रेघा,
लाटा, पार्किंग, संडास, सगळं.
फक्त सावलीच्या खाली
त्याच्या त्या काटेकोर अक्षरात:
होती.
गुण दिलेले नाहीत.
खोडलेलंही नाही.