संशयित

रोजची साठ घरं.
बॅटरी, खडू, औषधाची बाटली, वही.
उत्तमनगरची कुत्री आता मला भुंकत नाहीत.

फ्रिजमागचा ट्रे ओढून दाखवला
तर खैरनारबाई म्हणाल्या, अगं बाई, इथंही पाणी साचतं?
बारा वर्षांचा फ्रिज.
बॅटरीच्या उजेडात अळ्या
स्वल्पविरामांसारख्या वळवळत होत्या.

धुराची गाडी आली की पोरं मागे धावतात,
आया खिडक्या लावून घेतात.
धूर बाहेर, डास आत.
शेळीचं दूध चारशे रुपये लिटर झालंय,
पपईच्या झाडांना पान उरलं नाही.
साहेब मीटिंगमध्ये म्हणतात, लोक अडाणी आहेत.

असतील.
पण निकुळ्यांच्या रंजनाला मी म्हटलं, ड्रम उपडा कर,
तर तिनं ड्रमच्या झाकणावर हात ठेवला,
पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा,
आणि म्हणाली,
करते. नळ उद्या येणार का परवा, तेवढं सांग.

मला माहीत नव्हतं.
साहेबांनाही नसावं.
गंगापूर धरण भरलं होतं, पेपरात फोटो होता.
मी वहीत लिहिलं: समज दिली.

तिचा नवरा भागवत, अंबडला प्लेटिंगच्या कारखान्यात.
ताप अंगावर काढत तीन पाळ्या केल्या,
चौथ्या दिवशी सिव्हिल,
सहाव्या दिवशी चादरीत.
रक्ताचा नमुना गेला, अहवाल आला नाही,
म्हणून आमच्या तक्त्यात तो
संशयित.

मेलेला माणूस संशयित.
जणू त्यानंच काही चोरलं होतं
आणि पुराव्याअभावी सोडून दिला.

महिनाअखेरीस बातमी:
साथ आटोक्यात. डेंग्यूनं मृत्यू, शून्य.

खरं सांगायचं तर
बंद दारासमोर उभं राहून मीही लिहिलंय, 'अळ्या नाहीत'.
साठ भरायची असतात.
निकुळ्यांच्या शेजारचं घर आषाढापासून बंद होतं.
गच्चीवर टाकी उघडी होती म्हणे.

काल आदेश निघाला:
ज्यांच्या घरी अळ्या, त्यांना पाचशे दंड.
पावतीपुस्तक आणायला विभागीय कार्यालयात गेले,
तर जिन्याखाली घंटागाडीचे जुने टायर,
एकावर एक, आत पावसाचं पाणी.
बॅटरी लावली. हाताची सवय.
स्वल्पविराम, स्वल्पविराम,
पूर्णविराम कुठेच नाही.

रौंदळ शिपाई म्हणाला, ताई, ते आपलंच आहे, राहू द्या.

पहिली पावती फाडली.
नावाच्या जागी कार्यालयाचा पत्ता घातला,
पाचशे, आकड्यात आणि अक्षरात.
भिंतीवर खडूनं तारीख.
दुसऱ्या पावतीवर माझं नाव,
घर क्रमांक निकुळ्यांच्या शेजारचा.

उद्या पुन्हा रंजनाच्या गल्लीत जायचंय.
ड्रम भरलेलाच असेल.
या वेळी पाणी कधी येणार ते विचारून जाईन.
कुणाला विचारायचं,
तेवढं अजून कळलेलं नाही.