थेंब

दोन बोटं डावीकडे कलते ही बोट,
म्हणून ग्वेनेथ उजव्या फळीवर अंडी ठेवत नाही.
पुढची टाकी रिती होत आली
की कपातला चहा मागे सरकतो,
तेव्हा ब्रॉन्स्टनला नळापाशी थांबायचं.

नोव्हेंबर. खिडक्यांना आतून घाम.
पंख्यात कुणाचा तरी रेनकोट अडकलाय:
कोपरापर्यंत हात कालव्यात,
सुरी, शिव्या.

मग इंजिनाशेजारी गुडघे टेकून
पितळी मुठीला अर्धा वळसा. ग्रीस.
थेंब.
थांब.
थेंब.
"गळू दे जरासं," सेड्रिक म्हणायचा,
"साफ कोरडं पडलं तर घाबर,
दांडा तापतो मग."

तो गेल्यावर आठवडाभर
बहिणीकडे राहून आली ती,
सपाट फरशीवर ठेचकाळत.

एक नळही गळत नव्हता तिथं.