उरलेली फळी

एल्जिनच्या रेल्वे यार्डात, १९२६च्या एप्रिलात,
यालमार एकब्लाडचं घर आलं
मालगाडीच्या दोन डब्यांतून.
तुळईच्या टोकाटोकाला शिक्का, शिक्क्यात आकडा,
खिळे पिंपात, काचा भुशात,
दारांच्या मुठी कागदात गुंडाळलेल्या, अंड्यांसारख्या.
वर पंचाहत्तर पानांचं पुस्तक:
आपलं डोकं चालवू नये, अशा अर्थाचं.

तो दिवसभर घड्याळाच्या कारखान्यात
भिंगाखाली चाकं बसवायचा,
नखावरच्या पांढऱ्या ठिपक्याएवढी.
त्याला तीस हजार तुकड्यांची कसली भीती?
"हे मोठं घड्याळच," तो सिग्नेला म्हणाला,
"आणि याला किल्ली द्यायला नको."
सिग्नेनं पुस्तक उलटसुलट चाळून विचारलं,
संडास कुठल्या पानावर आहे?
नव्हताच. त्याचे पैसे वेगळे.

एकोणीसशे पंच्याऐंशी डॉलर.
दीड वर्षाची मजुरी.
घर बांधून पाहावं म्हणतात, त्यानं पाहिलं,
शनिवारी दुपारनंतर, रविवारी चर्च सुटल्यावर,
मेव्हण्यांना कॉफीवर राबवून.
पहिला बर्फ पडला तो छपरावरच.

आणि सगळं संपल्यावर एक फळी उरली.
४१७-क.
पुस्तकात तिचा आकडा होता, चित्र नव्हतं.
तीन रात्री तो कंदील घेऊन फिरला,
कुठे फट, कुठे पोकळ आवाज, कुठे करकर.
घर खुशाल उभं होतं.
घड्याळाच्या माणसाला
याहून मोठी शिक्षा नाही.

कारखाना बंद पडला त्या वर्षी आजोबांनी घर विकलं.
पियानो गेला, कपाटं गेली,
फळीला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती आमच्यासोबत निघाली.
नऊ भाड्याची घरं बघितली तिनं.
तिच्यावर इस्त्री झाली, भाऊ पाढे शिकला,
एका जानेवारीत ती बर्फात रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली गेली
आणि गाडी बाहेर काढून परत आली.

परवा रविवारी त्या घरासमोर 'विक्रीला' अशी पाटी दिसली.
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत गेले.
रॉन्डा नावाची एजंट म्हणाली, तीन लाख नव्वद हजार,
आणि सकाळपासून चार ऑफर, दोन रोख.
मी मनात हिशोब केला:
नऊ वर्षांची मजुरी,
मध्ये जेवायचं नाही, भाडं भरायचं नाही, दात दुखू द्यायचा नाही.

मी रात्रपाळीला पार्सलच्या गोदामात असते.
माझ्या स्कॅनरखालून चपला जातात, खुर्च्या,
कुत्र्यांचं खाणं, मागच्या महिन्यात एक अख्खा जिना.
सगळं जग टपालानं येतं आता.
घर तेवढं येत नाही.

हे मी रॉन्डाला सांगितलं, यालमारचंही सांगितलं,
जरा चढवूनच.
तिनं शांतपणे ऐकलं.
म्हणाली, "माझ्या पणजीनंही तो कॅटलॉग मागवला होता.
घर तिला कुणीही पाठवलं असतं, टपालाला रंग दिसत नाही.
पण या गल्लीतल्या प्रत्येक करारात एक कलम होतं.
घर आलं असतं हो.
ठेवायचं कुठे?"

मग आम्ही दोघी थोडा वेळ
स्वयंपाकघराच्या नव्या टाइल्सकडे बघत राहिलो.

तळघरात मी एकटी उतरले.
फोनच्या उजेडात, जिन्याच्या पोटात, शिक्के अजून निळे:
४१५-क, ४१६-क, ४१८-क.
सोळा आणि अठरामध्ये
नखही जात नव्हतं.

वर आले तर रॉन्डा फॉर्म घेऊन उभी:
ऑफर टाकणार?
म्हटलं, एक भाग आधीच आहे माझ्याकडे.
ती हसली, सवयीनं,
आणि मागच्या जोडप्याकडे वळली.

घरी फळीवर टोस्टर आहे.
टोस्टरखाली मालकाचं पत्र, ऑगस्टपासूनच्या भाड्याचं.
ते मी अजून दुसऱ्यांदा वाचलेलं नाही.