स्टॉल

चौकशीला आलेल्या साहेबानं
कागदावर एकच शब्द लिहिला: स्टॉल.
मी म्हणालो, साहेब, माझा स्टॉल कुंपणाच्या बाहेर आहे,
ग्रामपंचायतीची पावती आहे, दाखवू का?
तो हसला नाही.
तुमचा नाही म्हणाला. पंखांचा.

ते मला ठाऊक होतं.
तिनंच सांगितलेलं, मैथिली बिडवेनं,
उदगीरची, वाऱ्यानं उडेल एवढी.
सुशीला खायची मिरच्या बाजूला काढून
आणि शेंगदाणे शेवटाला ठेवून.
चमचा आडवा धरला होता तिनं:
मामा, हा पंख.
वारा याला धरून सरकतो तोवर सगळं ठीक.
नाक फार उचललं की वारा पंखाला सोडून देतो,
मग विमान उरत नाही, पत्रा उरतो.

मग काय करायचं?

नाक खाली. जमिनीकडंच.
पडतोय तिकडंच ढकलायचं स्वतःला,
उंची खर्चायची, वेग कमवायचा.

आणि खर्चायला उंचीच नसली तर?

तिनं शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकला
आणि म्हणाली, वहीत मांडा.

त्या दिवशी सकाळचे पावणेनऊ.
खांबावरची केशरी पिशवी फुगलेली,
माझा एक डोळा दुधावर, एक वर.
ती एकटी, तिसरी फेरी.
पट्टीकडं वळताना थोडी पुढं गेली,
मागच्या वाऱ्यानं रेटलं असेल,
मग तिनं वळण आवळलं,
बांधाशी आलेल्या बैलाचा कासरा ओढावा तसं.
आतल्या बाजूचा पंख झुकला,
दमलेल्या माणसाचा खांदा पडावा तसा.

एवढंच. धूर नाही, जाळ नाही.
इंजिन चालू होतं, हे मी साहेबाला तीनदा सांगितलं.
लोकांना वाटतं, आधी इंजिन बंद पडतं.

भागिनाथ घोडकेनं तूर कापून
पेंढ्या रचून ठेवल्या होत्या,
त्या ढिगात ते गेलं.
मी पळालो, चप्पल कुठं राहिली कळलं नाही,
धसकटं तळव्यात गेली ती रात्री काढली.
पट्ट्यात अडकलेली, डोळे उघडे,
केसांत तुरीच्या शेंगा.
मला बघून म्हणाली, बंद केलं का?
मी म्हणालो, हो पोरी, गॅस बंद केला.
ती काय विचारत होती
हे मला लातूरहून परत येताना, गाडीत कळलं.
आणि गॅसही बंद केलेला नव्हता.
पातेलं तळाला काळं झालेलं.

साहेबाचा शेवटचा प्रश्न होता:
नाक आपोआप खाली गेलं,
की तिनं नेलं?
वर दोनशे फूटसुद्धा नव्हते.
एक डोळा दुधावर होता, सांगितलंच.
मी म्हणालो, तिनं नेलं.
त्यानं ते लिहून घेतलं.
मी खाली सही केली, जालिंदर विठोबा कांबळे,
आणि पेन परत देताना
हात थरथरला तो थंडीनं म्हणालो.

महिन्यानं तिचे वडील आले.
कमरेत दोन सळया घातल्यात म्हणाले,
बसते आता, भिंतीला टेकून.
मग वही मागितली.
तीनशे वीस झाले होते. मी दोनशे म्हणालो.
त्यांनी पान उलटून स्वतः बेरीज केली,
बँकेतले असावेत,
आणि तीनशे वीसच मोजून ठेवले.
उडेल का परत, असं विचारायचं होतं,
साखर किती, असं विचारलं.

पूर्वी मी चहा हातभर वरून ओतायचो,
एका ग्लासातून दुसऱ्यात, धार न तुटता.
पोरं बघायला थांबायची.
आता दोन्ही ग्लास जवळ धरतो.
फेस येत नाही.
गिऱ्हाईक काही म्हणत नाही,
पिऊन जातं.