उशीर

पेच नावाचं एक गाव आहे हंगेरीत.
आपल्या भाषेत या नावाचा काय अर्थ होतो
हे तिथं कुणाला ठाऊक नाही.
बार्नाला तर नाहीच, जो खांद्याला पिशवी अडकवून
युरानव्हारोशमधल्या तिसऱ्या मजल्यावर पोचलाय,
लिफ्ट बंद.

इबोया नेनींची तक्रार एका ओळीची:
"माणसं आधी तोंड मिटतात, मग बोलतात."

ख्रिसमसला मुलगा ग्राझहून आला
आणि खोलीखोलीत स्पीकर लावून गेला,
स्वयंपाकघरात, न्हाणीघरातसुद्धा.
म्हणाला, आई, आता आवाज तुझ्या मागे मागे फिरेल.
मागेच राहतो तो, नेनी म्हणतात.

एकतीस वर्षं त्यांनी परक्या ओठांवर आपली भाषा बसवली.
अंधारा स्टुडिओ, कानांवर हेडफोन.
प आला, ब आला, म आला,
की पडद्यावरचे ओठ मिटलेलेच हवेत,
नाहीतर रीळ मागे, पुन्हा पहिल्यापासून.
इटलीतल्या विधवा, फ्रान्समधल्या मोलकरणी,
एकदा एक बोलणारी गाय.
(गाय सगळ्यांत सोपी. ती सारखी चघळतच असते.)

बार्ना फोनवर आकडे सरकवतो.
टाळी वाजवतो, ऐकतो, पुन्हा वाजवतो.
"बिनतारी स्पीकर एकमेकांसाठी थांबतात, नेनी.
तुमचा न्हाणीघरातला सगळ्यांत मंद,
तो तयार होईपर्यंत बाकीचे शब्द तोंडात धरून बसतात.
उशिरा आलेल्याला लवकर आणता येत नाही.
लवकर आलेल्याला थांबवता येतं,
एवढंच माझ्या हातात."

म्हणून तो चित्रालाच थांबवतो.
टीव्हीमागे एक काळी डबी, काडेपेटीहून थोडी मोठी.
तीनशे नव्वद. जरा जास्त. चारशे दहा.
बातम्या देणाऱ्या बाईच्या म वर
ओठ मिटले.
नेनींचेही मिटले, त्यांच्या नकळत.

मागच्या खोलीत डेझो. चाळीस वर्षं खाणीत,
आता छातीत तीच खाण.
त्याच्या उशाशी जुना, तारेचा स्पीकर.
त्याला कुणासाठी थांबणं माहीत नाही.

"तोही चारशे दहानं मागे घेतो," बार्ना म्हणतो,
"मग सगळं घर एका वेळी बोलेल."

आतून खोकला, मग डेझोचा आवाज:
"पोरा, सुरुंग कधी सगळे एकदम उडवतात का?
एकामागून एक. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर मिलिसेकंद.
एकदम उडवलेस तर छत डोक्यावर येईल."

बार्ना हसतो, स्क्रूड्रायव्हर उचलतो.
नेनी दारात उभ्या, हात ॲप्रनला पुसत.
"राहू दे ती खोली," त्या म्हणतात.
"रोज संध्याकाळी तो आधी हसतो.
मग मला कळतं, आता गंमत येणार,
मी चमचा खाली ठेवते.
त्याच्याकडे काहीतरी पहिल्यांदा पोचू दे."

बिलावर बार्ना लिहितो:
दीड तास. डबी एक. तार दोन मीटर.
मागची खोली... इथं तो थांबतो,
पेन्सिल कानामागे खोचतो,
आणि चहाला हो म्हणतो.