एक वाजून सात

झेनच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ
मधूनच मरतं
आणि काही झालंच नाही अशा थाटात
पुन्हा एकपासून मोजायला लागतं.
सकाळी सव्वानऊला एक वाजून सात.
संध्याकाळी साडेसहाला एक वाजून चाळीस.
बाकी गाडी ठणठणीत, सत्त्याण्णवची असून.
हॉर्न वाजतो,
वायपर कुरकुरत का होईना, फिरतात.

नाना पेठेत लतीफ आत्तारनं
बॅटरीच्या टर्मिनलांवर फुललेलं पांढरं
गरम पाण्यानं धुतलं. फ्यूज बदलला.
पुढच्या खेपेला घड्याळच उपसून
पाठीमागे सोल्डरचे दोन ठिपके दिले.
दुकानासमोर तासभर चालू-बंद, चालू-बंद.
एक मिनिट चुकलं नाही.
"माझ्यासमोर फार गुणी वागते, ताई.
तार तुटलेली असती तर दहा मिनिटांत सापडली असती.
ही लागते नि सुटते.
तुम्हीच लिहून ठेवा. कधी, कुठे."

टेलिफोन एक्स्चेंजात सत्तावीस वर्षं
लोकांच्या खरखरीच्या तक्रारी लिहिल्या मी.
वहीला दोरीनं पेन बांधायचं
मला कुणी शिकवायला नको.
आणि हे घड्याळ तर आपणहून साक्ष देतं:
एक वाजून सात म्हणजे
सात मिनिटांपूर्वी गेलं.
सात मिनिटांपूर्वी गाडी कुठे होती?

मंगळवार. म्हात्रे पूल. उलट्या बाजूनं स्कूटर.
मंगळवार, परतताना. नळ स्टॉप, बस आडवी.
शनिवार. धायरी फाटा, खड्डा.
खड्ड्याखाली दोन रेघा मारल्या. वाटलं, सापडला चोर.
सोमवारी एकटीच गेले,
त्याच खड्ड्यात मुद्दाम तीनदा आपटली गाडी.
घड्याळ ढिम्म.
माझीच कंबर दोन दिवस धरली.

मंगळवार: डोळ्यांचा दवाखाना.
शनिवार: धायरीला नणंदेकडे.
हे दिसायला तीन आठवडे गेले,
कारण शेजारी बसलेल्या माणसाला
आपण वायरिंगमध्ये धरत नाही.

काचबिंदूनं उपेंद्रची कडेची नजर खाल्ली
तेव्हा किल्ली त्यानं
माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि पेपर उघडला.
तेव्हापासून माझ्या चालवण्यावर
एक अक्षर बोललेला नाही.
मैत्रिणींना मी हे कौतुकानं सांगते.
त्यांचे नवरे नुसते ओरडतात म्हणे, क्लच, अगं क्लच!

लतीफ रस्त्यावरच आडवा झाला, टॉर्च दातांत धरून,
डोकं डाव्या सीटच्या पायाशी.
बाजूची प्लॅस्टिकची पट्टी काढली.
मागे तारांची जुडी, एक कनेक्टर सैल,
पिनेवर हिरवट गंज.
पट्टी हातात घेऊन बाहेर आला.
मधोमध तडकलेली,
आणि तडकल्या जागी चपलेच्या टाचेचा
गुळगुळीत, चकचकीत गोल.
"साहेब, इथे पाय कशाला दाबता? इथे ब्रेक नाही."

उपेंद्र समोरच्या टायरवाल्याची पाटी
एकेक अक्षर लावत वाचत होता.

मी वही पर्समध्ये ठेवली.
स्कूटर. बस. खड्डा.
त्यातली स्कूटर तर मला आठवतसुद्धा नव्हती.

पिन घासली, कनेक्टर वर उचलून बांधला.
एकशे ऐंशी रुपये.
"आता पाय लांब ठेवायचा साहेब, काय?"
"पट्टीला आतून रबर लाव," मी म्हटलं,
"जाड. ट्रकचं असलं तरी चालेल."
लतीफनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा त्याच्या पायाकडे,
आणि ट्यूब कापायला कात्री शोधू लागला.

पौड फाट्याला रिक्षा घुसली, हात न दाखवता.
डावीकडे खाली रबर दबल्याचा
बारीकसा आवाज.
बारा बेचाळीस. बारा बेचाळीस. बारा त्रेचाळीस.
मी उगाचच गिअर एकानं खाली आणला.

"पाच मिनिटं पुढे लावलंयस,"
तो काचेकडे बघत म्हणाला.
"असू दे," मी म्हटलं.